मालक कोण?

शिवणकाम सगळं बायकोचं. नवऱ्याने आयुष्यभर फक्त गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम केलं. गुंतवणूकदाराच्या व्हिसावर परदेशात कपडे शिवायची कंपनी काढायचं ठरलं, तेव्हा वकिलाने विचारलं, "मालक कोण?"

"मीच की! बाईमाणसाच्या डोक्याला कशाला ताप?" तो म्हणाला. बायको मशिनी बांधायला लागली.

तिकडे दुकान उघडलं त्याच सकाळी वकिलाचा फोन आला. "वहिनी तुमच्या व्हिसाच्या आधाराने आल्यात. त्यांना तिथे काम करता येणार नाही. सुईला हात जरी लावला, तरी दोघांची परत पाठवणी होईल."

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक उसवलेला कोट घेऊन आत आलं.



मालक सुईत दोरा ओवायला धडपडत होता, आणि काचेबाहेरून बायको खुणा करत होती, "अहो, आधी दोरा ओला करा!"