लेकीच्या वयाचा लेख

“माळ्यावर नाही, कपाटात नाही, ट्रंकेत नाही. मग लेख गेला कुठे, बाबा?”

बाबा चष्मा पुसत राहिले. चष्मा आधीच लख्ख होता.

“असेल कुठेतरी. जुनी गोष्ट ती. बाकीचे आहेत ना हाताशी? ते बांध.”

लेकीचा धंदा पुस्तकबांधणीचा. बाबा उद्या संस्थेतून निवृत्त होणार होते आणि त्यांचे सगळे शोधनिबंध एका कापडी बांधणीत शिवून तिला त्यांच्या हातात ठेवायचे होते. पुठ्ठे कापून झाले होते, दोऱ्याला मेण लावून झालं होतं. घोडं अडलं होतं एकाच लेखापाशी. आणि तोही असातसा नाही. ‘मुंग्या वाट कशा विसरतात’. मुंग्यांवर काम करणारं जगातलं कुणीही असो, निबंधाच्या शेवटी संदर्भ देताना या लेखाचं नाव घेतल्याशिवाय त्याचा पाय पुढे पडत नसे. बाबांच्या बाकीच्या लेखांची सायटेशन बोटांवर मोजावीत. या एकाची वाढतच होती, वेल मांडवावर चढावी तशी.

शिवाय तो तिच्याच जन्मसालचा. लहानपणापासून ती त्याला आपला भाऊच मानत आली होती. देशोदेशी हिंडणारा, घरी कधी न फिरकणारा भाऊ. एकदा त्याला मांडीवर घ्यावं, पानन् पान वाचावं, एवढीच तिची हौस.

“आई, तू तरी सांग.”

आई भाजी निवडत होती. एके काळी तीही संस्थेच्या प्रयोगशाळेत, बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसायची. लेक झाल्यावर ते टेबल सुटलं, ते सुटलंच.

“मला कशाला विचारतेस बाई? संशोधक ते. मी आपली मेथीवाली.” आणि हसू लपवायला तिने मान खाली घातली.

लेक संस्थेच्या ग्रंथालयात गेली. ग्रंथपालबाईंनी नियतकालिकाचा खंड काढला, धूळ झटकली, संदर्भांत दिलेलं पान उघडलं. तिथे मधमाश्या निघाल्या.

“छपाईत पान चुकलं असेल,” त्या म्हणाल्या. पुढचे-मागचे खंडही त्यांनी चाळून पाहिले. “शिंका तेवढ्या सापडल्या. लेख काही नाही.”

जिन्यात बाबांचे जुने सहकारी भेटले, लेकीचे मिशीवाले काका.

“तो लेख? अगं, त्याने माझ्या कामाची दिशाच बदलली.”

“मग तुमच्याकडे प्रत असेल, काका?”

“आहे की. म्हणजे, माझ्या गुरूंकडे होती. त्यांनी उल्लेख केला, म्हणून मीही केला.” काका मिशीवरून बोट फिरवत जरा घुटमळले. “पण भाषा काय आहे त्यातली!”

 परतताना लेकीला एकेक आठवू लागलं. कुणी त्या लेखाची स्तुती केली की बाबा कानकोंडे व्हायचे आणि आधी आईकडे बघायचे. आई ओठ मिटून घ्यायची. सुटलेलं टेबल, खाली घातलेली मान. मग लेख लिहिला कुणी? उद्या भरल्या सभागृहात बाबांना शाल मिळणार त्या लेखाची, आणि आई समोरच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार. असं असेल तर हे पुस्तक तिच्या हातून शिवून होणार नव्हतं.

घरी दोघं चहा घेत होती. एकाच बशीत बिस्किटं, शेवटचं कुणी खायचं यावरून लुटुपुटीचं भांडण चाललेलं.

“बाबा, मी उद्या येणार नाही.”

“का गं पोरी?”

“तुम्हीच सांगा का ते. तो लेख खरं म्हणजे आईचा आहे ना?”

आईला ठसका लागला, चहा नाकात गेला. बाबा उठून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागले. तिचा ठसका थांबेपर्यंत फिरवत राहिले.

“अगं, नाव ठरलं होतं,” ते हळूच म्हणाले. “‘लवकरच प्रसिद्ध होणार’ असं मी माझ्या आधीच्या लेखात छापूनही बसलो होतो. तेवढ्यात तू आलीस. खाली ठेवलं की भोकाड, खांद्यावर घेतलं की गप्प. वर्षभर माझा हात काही रिकामा झाला नाही. तोवर लोक त्याचा संदर्भ देऊही लागले होते, खंड-पान घालून.”

“म्हणजे मग आईनेच लिहिला.”

बाबांनी शेवटचं बिस्किट आईच्या बशीत ठेवलं.

“छे गं. तिने हातात घेतला असता, तर निदान लिहून तरी झाला असता.”