भिंतीवरची भूमिका

"फोटो घेऊन जा हो तेवढा," मालिकेच्या मॅनेजरनं फोनवर सांगितलं होतं. "आज शेवटचं शूटिंग, उद्या सेट मोडतोय. स्वतः यायलाच हवं असं नाही, कुणालाही पाठवा."

कुणाला पाठवणार, कप्पाळ. ती स्वतःच निघाली. तसंही तिला जायचंच होतं.

चौदा महिने ती त्या मालिकेत होती आणि आज पहिल्यांदा सेटवर पाऊल टाकत होती. नायकाची मेलेली आई. संवाद नाहीत, हालचाल नाही. तिचा वीस वर्षांपूर्वीचा एक फोटो नेऊन त्यांनी भिंतीवर लावला होता, तेवढंच काम. एके काळी नाटकात तिच्या नुसत्या एंट्रीला टाळी पडायची, सिनेमांतही नाव झालं. पण या कामाची तिला जराही लाज वाटली नाही. उलट, त्यात जीव अडकला होता तिचा.

कारण रोज साडेसातला नायक फोटोसमोर उभा राहायचा आणि आईला दिवसभराचं सगळं सांगायचा. बायकोशी वाजलं, नोकरी गेली, डोकं ठणकतंय. ती घरी टीव्हीपुढे ताट घेऊन बसलेली असायची. "अरे, आधी दोन घास खाऊन घे," म्हणायची. कधीकधी तर अख्ख्या दिवसात तिच्या तोंडून निघालेलं तेवढंच वाक्य असायचं.

आज तिनं केस मुद्दाम फोटोतल्यासारखे बांधले होते. पांढरे झाले म्हणून काय झालं, अंबाडा तोच. त्यानं एकदा आपल्याला ओळखावं, बाकी काही नको होतं तिला.

सेटवर सामानाची बांधाबांध सुरू झाली होती. नायक खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. तिला पाहून लगेच उठला. वळण चांगलं होतं पोराला.

"बसा ना काकू. कुणाला भेटायचंय?"

"फोटो न्यायला आलेय," ती म्हणाली. "तुझ्या आईचा."

"अच्छा, तो होय." त्यानं स्वतः स्टुलावर चढून फोटो उतरवला, बाहीनं काच पुसली. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. तिनं श्वास रोखला. मान किंचित तिरकी केली, फोटोत होती तशी.

"तुम्ही बहीण का त्यांची? चेहरा थोडा मिळतो."

तिनं फोटोसाठी हात पुढे केला.

"यांच्याशी बोलताना मला खरंच रडू यायचं हो," तो फोटो तिच्या हातात देत म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "त्या गेल्या तेव्हा कुणी होतं का जवळ?"

तिनं फोटो पिशवीत घातला. चेहरा आत ठेवून.

"होता ना," ती म्हणाली. "मुलगा होता. रोज बोलायचा तिच्याशी."