दुसरा श्वास

अल्बमच्या प्रत्येक गाण्यात, प्रत्येक ओळीआधी दोन श्वास ऐकू येत होते. गाणारी एकच होती.

दुसरा श्वास आधी येई. गायिकेचा स्वतःचा त्याच्या पाठोपाठ. ध्वनिमुद्रकाने प्रतिध्वनीची शक्यता तिथेच निकालात काढली. प्रतिध्वनी मूळ आवाजाच्या आधी येत नाही.

एरवी हे कुणाच्या लक्षातही आले नसते. ढणढणाटात असे कितीही श्वास बुडून जातात. पण ही सॉफ्ट रॉकची गाणी होती. छातीशी धरलेली गिटार, मागे ड्रमवर हलकेच फिरणारा ब्रश आणि ओठांना जवळजवळ टेकलेला माइक. तो श्वास कापायला जावे, तर आधीच्या ओळीचे शेपूटही कापले जाई.

"भुताटकी आहे," ड्रमवाला म्हणाला. "नाहीतर तुमच्या मशीनला दमा झालाय."

"मशीनला फुप्फुसं नसतात."

"मग धाकटीला विचारा. तिला आहेत."

धाकटी म्हणजे गायिकेची बहीण. प्रत्येक टेकला ती गाण्याच्या खोलीत, गायिकेसमोर स्टुलावर, स्वतःचा वेगळा हेडफोन लावून बसे. टेक ठेवायचा की पुन्हा घ्यायचा, हेही तीच ठरवी. गायिका झालेले गाणे ऐकायला कधी बाहेर येत नसे. कोणी बघत असले की गळा आवळतो, असे सांगून तिने मधल्या काचेवर पडदाही ओढायला लावला होता. अल्बम थोरलीचा की धाकटीचा, असे ड्रमवाला पाठीमागे विचारी.

ध्वनिमुद्रकाने धाकटीला गाठले.

"मी?" ती हसली. "मी तर आत श्वास रोखून बसते, दादा. ताईची ओळ संपली की मग सोडते."

उत्तर फार चटकन आले होते. त्याला ते पटले नाही; पण न पटणे हा पुरावा नव्हे.

संध्याकाळी वायर गुंडाळता गुंडाळता त्याने गायिकेला सुचवले, की एका गाण्यापुरते बहिणीला बाहेर बसवून पाहू. उत्तर आले नाही. त्याने पुन्हा विचारले. तरीही नाही. शेवटी तो वळला.

"माझ्याशी बोलत होता?" ती म्हणाली. "मग माझ्याकडे बघून बोला. पाठमोऱ्या माणसाला उत्तर द्यायची मला सवय नाही."

त्याने अपमान गिळला आणि तेच वाक्य तोंडावर म्हटले.

"ती आत नसेल तर मीही नाही."

"अहो, एका कडव्यापुरतं..."

"नाही म्हटलं ना." मग तिचा स्वर उतरला. "हा अल्बम आत्ताच व्हायला हवा. पुढच्या वर्षी मला गाता येणार नाही. इतकं समजून घ्या."

तिच्या हातात गरम पाण्याचा थर्मास होता; तो कायमच असे. गळ्याचे दुखणे घेऊन शेवटचा अल्बम करायला आलेले गायक ध्वनिमुद्रकाने पाहिले होते. तिच्या गळ्यात मात्र त्याला अजून काही दोष सापडला नव्हता. सुरुवात असेल, असे तो धरून चालला.

दुसऱ्या दिवशी अल्बम काढणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन झालेली गाणी ऐकून गेला. जाण्याआधी त्याने सगळ्यांना समोर बसवले.

"हे ऐकून माणूस गाणं ऐकेल की डॉक्टरला बोलावेल?" तो म्हणाला. "उद्या शेवटचं गाणं. तेही असंच निघालं तर हा सगळा कारभार बंद. गाणी झकास आहेत, त्यात वाद नाही. दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेऊ."

गायिका त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"माझी गाणी? दुसरीच्या गळ्यातून?"

"नाइलाज आहे, बाई."

"मी तुमच्या पाया पडते. असं करू नका."

धाकटीने तिला दंडाला धरून बाहेर नेले.

ध्वनिमुद्रकाकडे आता एकच शक्यता उरली होती. आधी ध्वनिमुद्रित केलेले वाद्यसंगीत आणि गायिकेने सरावासाठी गायलेला कच्चा टेक तिच्या हेडफोनमध्ये वाजत असे. त्या कच्च्या टेकमधला श्वास हेडफोनच्या कडेतून माइकमध्ये झिरपत असणार. तपासणी सोपी होती. पहिली ओळ नेहमीसारखी होऊ द्यायची आणि दुसरीआधी तिचा हेडफोन इथूनच बंद करायचा. संगीत एकाएकी गेल्यावर ती भडकून थांबेल, पण तेवढ्यात एखादा श्वास हाती लागेल. सांगून केले असते तर ती तयार झाली नसती. त्याने शिव्या खायची तयारी ठेवली.

शेवटचे गाणे सुरू झाले. पहिल्या ओळीआधी दोन श्वास आले. ओळ संपताच त्याने बटण दाबले.

दुसऱ्या ओळीआधीही दोन श्वास आले. त्याचा तर्क चुकला होता.

गायिका मात्र थांबली नाही. ओरडलीही नाही. त्याने बटण पुन्हा पाहिले. ते बंदच होते. मधला वाद्यांचा लांब तुकडा आला, जो आता तिच्या कानांवर पडणे शक्य नव्हते. तो संपला आणि तिने नेमक्या ठेक्यावर पुढची ओळ धरली.

ध्वनिमुद्रक उठला आणि त्याने काचेवरचा पडदा बाजूला केला.

धाकटी बहिणीच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून होती. ओळ जवळ आली तशी तिने मान वर केली, तोंड मोठे उघडले आणि लहान मुलाला शिकवावे तसा श्वास घेऊन दाखवला. तिच्या ओठांवर नजर रोखून बसलेल्या गायिकेने तो पाहिला, आपला घेतला आणि शेवटची ओळ, अजून आठवणीत शाबूत असलेल्या सुरात, उचलली. हेडफोन बंद झालेला तिला कळला नव्हता, कारण तो चालू असतानाही तिला काही ऐकू येत नव्हते.