बिनअंड्याचं मेयोनीज

"थेंब थेंब घाल तेल. मला प्रत्येक थेंब दिसला पाहिजे."

चंदनबाई स्वयंपाकघरात चक्क खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोर भिकुबाई पातेल्यात रवी फिरवत होती. आटवलेलं दूध, मोहरीची पूड, लिंबाचा रस आणि वरून तेल. पांढरं मिश्रण हळूहळू घट्ट होत होतं. "गळवावर लावायचं मलम दिसतंय," चंदनबाईंनी नाक मुरडलं. पण नात सरोज हट्टाला पेटली होती. आज धुळ्याहून तिला बघायला येणाऱ्या मुलाला मेयोनीज लावलेलं सँडविच फार आवडतं, असं तिच्या कानावर आलं होतं. बिनअंड्याचं मेयोनीज करणारी बाई तिने जळगावभर शोधली. सापडली ती नेमकी भिकुबाई.

भिकुबाई या घराला नवी नव्हती. अकरा वर्षं तिने इथेच पोळ्या लाटल्या होत्या. आठ वर्षांपूर्वी मागच्या अंगणात, राखेच्या ढिगात अंड्याची टरफलं सापडली. ज्या घरात कांदा-लसूण वर्ज्य, त्या घरात अंडं! चंदनबाईंनी आळीतल्या बायका गोळा केल्या आणि त्यांच्यादेखत भिकुबाईची पिशवी उंबऱ्याबाहेर भिरकावली.

"मी नही, बाई. मनी पोरनी आण शे," ती लेकीची शपथ घेऊन सांगत राहिली. ऐकतो कोण?

पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात चंदनबाईंनी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. 'अंड्याची भिकुबाई' हे नाव थेट धुळ्यापर्यंत पोचलं. कुणी तिला दारात उभं करेना. मुलीची शाळा सुटली, ती डाळ मिलमध्ये डाळ निवडायला बसू लागली. भिकुबाईने स्टेशनाजवळच्या हॉटेलात भांडी घासली, घासता घासता तिथलं सॅलड-सँडविच शिकून घेतलं. राग मात्र तिने एक दिवसही विझू दिला नाही.

आज मेहरूणच्या घरून निघताना तिने एक अंडं विकत घेतलं होतं. पदराच्या गाठीत जपून आणलं होतं. पातेल्यात फोडायचं, सगळ्यांना खाऊ घालायचं आणि मग पाहुण्यांसमोर सांगून टाकायचं, असा बेत होता. पण आळीच्या तोंडाशी तिचे पाय अडखळले. त्या बाईने घातलेला खोटा आळ आपणच खरा करून द्यायचा? तिने अंडं गटारीत टाकलं आणि रिकाम्या हातांनी आत आली. आता रवी फिरवताना ती स्वतःवरच चरफडत होती. आणि चंदनबाईंनी आपल्याला पुन्हा चुलीपाशी येऊच कसं दिलं, हे काही केल्या तिला उमजत नव्हतं.

चार वाजता पाहुणे आले. चंदनबाईंचा मुलगा ज्ञानचंद, म्हणजे सरोजचा बाप, त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसला. सरोजने ताटल्या आणल्या. मुलाने सँडविच उचललं मात्र, त्याच्या आईने त्याचं मनगट धरलं.

"हे मेयोनीज ना?" कुसुमलताबाई म्हणाल्या. "पुण्याला असताना हा रोज खायचा. मग मी बाटलीवर वाचलं. यात अंडं असतं."

"छे हो! मी स्वतः समोर बसून करवून घेतलंय. बाईलाच विचारा. भिकुबाई, बाहेर ये गं."

"कोण? ती अंड्याची भिकुबाई?"

बैठकीतल्या सगळ्या ताटल्या खाली गेल्या. भिकुबाई दारात येऊन उभी राहिली.

"नही शे, बाई. अंडं नही शे."

"तुम्हीच सांगितलं होतं ना, चंदनबाई, पोटच्या पोरीची खोटी शपथ घेते म्हणून? आणि हिच्या शब्दावर आम्ही हे तोंडात घालायचं?" कुसुमलताबाई उठल्या. मुलगाही उठला. सरोज रडवेली झाली.

भिकुबाईला एकदम उमगलं, अंड्याची गरजच नव्हती. जो शब्द चंदनबाईंनी गावभर मातीमोल केला, तोच आज त्यांना हवा होता, आणि बाजारात त्याला कवडीचीही किंमत नव्हती. तिच्या काळजात गारवा पसरला. खोटं काय बोलायचं? आज आपण खरं बोलल्यानेच म्हातारी मरणार होती.

"तवयबी खरंच सांगं, आतेबी खरंच सांगस," ती सावकाश म्हणाली आणि तिने चंदनबाईंकडे बोट केलं. "इचारा यास्ले."

चंदनबाईंनी नातीकडे पाहिलं. पाहुणे चपला घालत होते. इकडे आड, तिकडे विहीर.

"थांबा!" त्या ओरडल्याच. "ही खोटं बोलत नाही. तेव्हाही बोलली नव्हती. ती टरफलं हिची नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं."

आठ वर्षं भिकुबाई या वाक्यासाठी जळत होती, आणि ते चंदनबाईंच्याच तोंडून, भरल्या बैठकीत निघालं होतं. तिचे डोळे भरून आले. तिला आणखी काही नको होतं. ती जायला वळली.

पण कुसुमलताबाई दूधखुळ्या नव्हत्या. पायातली चप्पल काढून त्या परत आत आल्या आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग कुणाची होती?"

चंदनबाईंची नजर नकळत ज्ञानचंदकडे वळली. ज्ञानचंद मान खाली घालून उठला आणि आतल्या खोलीत निघून गेला.