मुक्यानं आणलेला बर्फ

लेकीचा अबोला मोडायचा तर मार्चमधला बर्फ आणायचा, चुलीवर वितळवायचा आणि त्या पाण्यानं उंबरा धुवायचा. तोवर तोंडातून अवाक्षर निघता कामा नये. सारेमा बेटावरच्या बायका एवढं सांगतात. शेजारी एंडेल राहत असेल तर काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, “काय लेइदा, बादलीत बर्फ कशाला?”

“तुझ्या डोक्यावर ठेवायला,” ती बोलून बसली आणि बादली ओतून द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी त्याचा कुत्रा पायात आला. तिनं कुत्र्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. पुन्हा बादली रिकामी.

तिसऱ्या दिवशी ती दात आवळून, भरली बादली घेऊन फाटकाशी पोचली, तर समोर माइरे, तिची लेक. आठ महिन्यांनी.

“आई, चुकलं माझं.”

ओठांवर आलेला शब्द लेइदानं गिळला, डोळ्यांनीच थांब म्हणून खुणावलं आणि घाईघाईनं आत शिरली.

बर्फ वितळला. उंबरा लख्ख झाला. “ये गं बाळा,” म्हणत ती बाहेर आली.

कुंपणापलीकडून एंडेल म्हणाला, “गेली ती बसनं. म्हणत होती, आई अजून बोलतच नाही.”