गोळीवरचा पहारा

हृदयाच्या दुखण्याने नवरा दवाखान्यात पडल्यापासून म्हातारीची नर्सवर बारीक नजर होती. ही पोरगी सकाळी यायची, त्याचं मनगट धरून घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, "नाडी फार मंद आहे, आजी. आज हृदयाची गोळी द्यायची नाही." की गोळी परत ट्रेमध्ये.

"गोड बोलून हडप करते मेली," नर्सची पाठ वळताच म्हातारी पुटपुटायची.

"अगं, ती काय करणार माझी गोळी घेऊन? तिचं हृदय ठणठणीत आहे," म्हातारा हसायचा.

"तुम्ही गप्प बसा आणि आ करा."

मग घरून आणलेली तीच गोळी ती गुपचूप त्याच्या जिभेवर ठेवायची.

आज मात्र त्याला उठून बसवेना. हाक मारली तरी ओ देईना. नर्सने मनगट धरलं आणि धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली.

"गोळी बंद करूनही नाडी खालीच चाललीय, सर. कारणच सापडत नाही."

म्हातारी स्टुलावरून उठली.

"गोळी बंद नव्हती, बाळा," ती नर्सला म्हणाली. "मी देत होते."