दोन थेंब पाणी

ही गोष्ट २०९१ सालची. यादवी संपताना झालेल्या तहानुसार, कोण नदीच्या कोणत्या काठाकडून लढलं ही आठवण साऱ्यांच्या डोक्यातून यंत्राने पुसली, त्याला तीस वर्षं झाली होती. नवरगावात कालिंदीबाई दहावीला त्या यादवीचाच धडा शिकवत होत्या.

रेवाने जुन्या नोंदींवरून लिहिलेल्या नव्या पुस्तकातून वाचलं, "पूर्वकाठचे लोक पिण्याआधी दोन थेंब जमिनीवर सांडत. त्यांनीच नवरगाव जाळलं."

बाईंच्या हातात पेला होता आणि पायाशी फरशी ओली.

"बाई, तुम्ही रोज सांडता," रेवा हळूच म्हणाली.

"म्हणजे मी त्यांच्यातली. घरी सांगा."

दुसऱ्या दिवशी रेवाचे आजोबा आले. त्या आगीत भाजलेल्या हातांनी त्यांनी भरलेला पेला टेबलावर ठेवला. "शिकवा बाई. पोरांची परीक्षा आलीय."

आजोबा त्याच वर्षी गेले. बाई गावातच म्हाताऱ्या होऊन वारल्या. रेवा आता तिथे इतिहास शिकवते, आणि पिण्याआधी दोन थेंब सांडते.